सन १३४१ ची पंगत

मोंतेराना गावच्या जुन्या वेशीच्या पेठेत गेल्या जूनपासून टोमॅटो हा शब्द मोठ्याने उच्चारायची सोय राहिली नव्हती. भाजीवालीसुद्धा गिऱ्हाइकाला "ते लाल किलोभर घालू का?" असं विचारायची. कारण गेल्या वर्षीच्या पंगतीत परीक्षकबाईंच्या रश्श्यात टोमॅटोचं एक बी निघालं होतं. एकच. पण सन १३४१ मध्ये ज्या फळाचं नावही इटलीत कुणाच्या कानावर गेलं नव्हतं, त्याचं अर्धं बी निघालं असतं तरी पेठ बादच झाली असती. बाईंनी ते बी चमच्याच्या टोकावर घेतलं, बशीच्या काठावर ठेवलं आणि रुमालाने बोटं पुसली. पेठेला बाद होण्यापेक्षा त्या बोटं पुसण्याचं दुःख जास्त झालं.

गावात पेठा चार. दर जूनमध्ये चौघींनी एकेक संध्याकाळ वाटून घ्यायची आणि सन १३४१ मधली वाटावी अशी पंगत मांडायची. बाहेरगावच्या विद्यापीठातून आलेल्या बाईंनी ती जेवून गुण द्यायचे. जिंकलेल्या पेठेने निळी पताका वर्षभर आपल्या वेशीवर लावायची. १३४१च का, तर त्या साली गावाला बाजार भरवायची सनद मिळाली. जुन्या वेशीवर ही पताका अकरा वर्षांत चढली नव्हती. ती बहुतेक विहिरीच्या पेठेत असे, आणि विहिरीची माणसं ती नेमकी अशा जागी लावत, की जुन्या वेशीतल्या कुणालाही पोस्टात जायचं तर तिच्याखालून जावं लागे. काही मानी लोकांनी पत्रं टाकणंच सोडलं होतं.

सप्टेंबरात पेठेची सभा भरली तेव्हा जेओमेत्रा ओरेस्ते बार्तोलिनी उठून उभे राहिले. जेओमेत्रा म्हणजे जमिनी मोजणारा. नगरपालिकेच्या मोजणी खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, पण उंब्रिया प्रांतात माणूस निवृत्त होतो, पदवी होत नाही. ती थडग्यावरही नावाच्या आधी कोरतात. जेओमेत्रा म्हणाले, पुढच्या पंगतीची यादी मी करीन. यादीतल्या एकेका जिनसेला जुन्या कागदाचा आधार असेल. आणि १३४१ साली नव्हती अशी एक जरी वस्तू ताटात निघाली, तर मी फाइल खाली ठेवीन आणि या पेठेच्या कुठल्याही समितीत पुन्हा बसणार नाही.

सभेने टाळ्या वाजवल्या. शेवटच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नीने, एलिदेबाईंनी, तेवढ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना त्या म्हणाल्या, "अहो, शपथ घ्यायच्या आधी मला विचारायचं होतं."

"तुझा काय संबंध?"

"फाइल गेली तर तुम्ही दिवसभर कुठे बसाल?"

"घरी."

"हाच माझा संबंध."

बाईंचं म्हणणं अनुभवाचं होतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत जेओमेत्रांनी घरातल्या सगळ्या खणांना क्रमांक दिले होते. चूल ते मोरी हे अंतर फितीने मोजून, तुझी रोज नाहक किती पायपीट होते, हेही त्यांनी बाईंना एका तक्त्यात मांडून दाखवलं होतं. त्यानंतर बाई स्वतः उबाल्दोंकडे गेल्या होत्या. उबाल्दो हे गावचे औषधवाले आणि पेठेचे प्रमुख. बाईंनी त्यांना विचारलं होतं, आमच्या ह्यांना देण्यासारखं एखादं काम आहे का, लांबलचक आणि घराबाहेरचं. तेव्हा समितीतली ही जागा निघाली होती. म्हणजे पणाला काय लागलं होतं हे जेओमेत्रांपेक्षा एलिदेबाईंना जास्त ठाऊक होतं.

फाइलीला तीन रकाने होते. सूचना, सूचना करणारा, आणि निर्णय कारणासह. जेओमेत्रांची न्यायबुद्धी अशी, की नाकारलेली सूचनाही नोंदवायची. उद्या कुणी म्हणायला नको, की मला विचारलंच नाही.

विचारण्याची वेळ कुणावर आलीच नाही. पेठेत एकशे सत्तर माणसं आणि प्रत्येकाला चौदावं शतक तोंडपाठ. पहिल्याच बैठकीत उबाल्दो म्हणाले, "जेओमेत्रा, टर्की ठेवा. ताटात भरल्यासारखी दिसते."

"टर्की अमेरिकेतून आली. त्यानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी."

"मग बटाटे, नुसते भाजून."

"तेही तिकडचेच."

"मक्याची पोलेन्ता?"

"मकाही."

"घेवडा तरी आपला असेल ना?"

"नाही."

सेत्तीमियामावशी हे सगळं ऐकत होत्या. एकतीस वर्षं पेठेचं स्वयंपाकघर त्यांच्या हातात होतं. ते बी कुणाच्या हातून पडलं हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्यांच्यासमोर कुणी बोलत नव्हतं. त्या म्हणाल्या, "अमेरिकेने आपल्याला काय दिलं ते कळलं. आपल्याकडे काय होतं ते सांगा, म्हणजे मी चूल पेटवते की नाही ते ठरवीन."

जेओमेत्रांनी चष्मा लावला. "सलगम. कांद्याची पात. कोबी."

"सलगम माझ्या आईने लढाईच्या दिवसांत खाल्ले. लढाई संपली त्या दिवशी तिने सांगितलं, या घरात पुन्हा सलगम शिजणार नाही."

"तळ्याकाठची चवळी आहे. ती जुनी आहे, तिचा दाखला आहे माझ्याकडे."

"चवळी." मावशींनी हा शब्द तोंडात घोळवून पाहिला. "बरं. चवळीला टोमॅटोची सोबत असली, की..."

सगळी बैठक मावशींकडे बघायला लागली. मावशींनी पदर सावरावा तसा एप्रन सावरला आणि त्या म्हणाल्या, "मी नुसतं म्हटलं."

मग कॉफीचा प्रश्न निघाला. जेवणानंतर कॉफी नाही, असं जेओमेत्रांनी जाहीर केल्यावर मागच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ उठले, उभे राहिले आणि पुन्हा बसले. त्यांच्या त्या बसण्यात इतकं होतं, की समितीला तोडगा काढावाच लागला. मांडवाच्या मागच्या गल्लीत यंत्र ठेवायचं. ज्याला राहवणार नाही, त्याने शेजाऱ्याला "घोडे बघून येतो" असं सांगून उठायचं. पेठेत घोडा एकही नव्हता. पण १३४१ मध्ये होते, आणि त्याचा दाखला होता.

याच बैठकीत कार्मिने बोलला. कार्मिने हा जेओमेत्रांचा जावई, मूळचा नेपल्सचा. पंधरा वर्षांपूर्वी लग्न करून आला आणि इथलाच झाला, असं तो समजे. पेठ अजून विचार करत होती. तो म्हणाला, "सासरेबुवा, एवढं सगळं करताय तर एक करा. पावात मीठ घाला."

आता मात्र बैठक खळखळून हसली. उंब्रियाचा पाव अळणी असतो. फार पूर्वी पोपने मिठावर कर बसवला, तेव्हा इथल्या लोकांनी कर द्यायचा नाही म्हणून मीठच सोडलं, आणि ते आजतागायत सोडलेलंच आहे. हे इथे दुसरीतल्या पोरालाही सालासकट पाठ असतं. पुढे पोपचं राज्य गेलं, करही गेला, राग मात्र जपून ठेवला आहे. कार्मिने मात्र पंधरा वर्षं खिशात मिठाची पुडी बाळगून होता. कुणाचं लक्ष नाही असं पाहून तो चिमूटभर पावावर टाकायचा. लक्ष सगळ्यांचं असायचं.

भट्टीवाले नात्सारेनो, ज्यांच्या घराण्यात पाच पिढ्या पेठेचा पाव भाजत होत्या, ते हसले नाहीत. ते म्हणाले, "जावई आहात म्हणून ऐकून घेतलं."

जेओमेत्रांनी फाइलीत नोंद केली. नोंद त्रेचाळीस. सूचना: पावात मीठ घालावे. करणारा: कार्मिने. निर्णय: नामंजूर. कारण: सूचना करणारा नेपल्सचा आहे.

यादीत पावाला वेगळा क्रमांक त्यांनी दिलाच नाही. पाण्याला कुठे दिला होता?

हिवाळा कागदपत्रांत गेला. जेओमेत्रा रोज सकाळी नऊला मठाच्या ग्रंथालयात जात आणि दीडला परतत. एलिदेबाईंचा चेहरा त्या काळात दहा वर्षांनी तरुण दिसत होता. मार्चअखेर बेचाळीस जिन्नस ठरले, बेचाळीस दाखले जोडले, आणि मधोमध सेत्तीमियामावशींचं अख्खं भाजलेलं डुक्कर आलं. बडीशेप आणि लसूण भरून, आठ तास निखाऱ्यावर. त्याला तर चार दाखले होते. मावशी गेल्या वर्षीचं बी विसरल्या. त्यांनी सळई घासून ठेवली.

मे महिन्यात पाद्री फुल्जेन्सिओ सहज म्हणून घरी आले. त्यांनी यादी वाचली, वाहवा केली, वाइनचा घोट घेतला आणि म्हणाले, "तुमच्या पेठेची संध्याकाळ बावीस जूनची ना? १३४१ मध्ये बावीस जूनला वार कुठला होता हो?"

जेओमेत्रांच्या हातातला पेला तिथेच राहिला. वार त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी कागद घेतला. जुनी पंचांगपद्धत वेगळी, तिचा हिशेब वेगळा. त्यांनी तो तीनदा केला, तिन्ही वेळा उत्तर एकच आलं.

"शुक्रवार," ते म्हणाले.

"मला तसं वाटलंच," पाद्री म्हणाले. "शुक्रवारी मांस वर्ज्य. त्या काळी तर फारच कडक होतं. आता आमच्याकडे कोण विचारतंय म्हणा." एवढं बोलून ते उरलेली वाइन संपवून गेले. माणूस किती सहज दुसऱ्याचं डुक्कर घेऊन जातो, याचं एलिदेबाईंना नवल वाटलं.

ही बातमी मावशींना सांगायला जेओमेत्रा एकटे गेले. तेवढं धैर्य त्यांच्यात होतं, हे नमूद केलं पाहिजे. मावशी सळईला तेल लावत होत्या.

"मावशी, डुक्कर काढावं लागतंय."

"कुठून?"

"यादीतून."

"का?"

"शुक्रवार आहे."

मावशींनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. "शनिवार आहे. मी तारीख बघूनच सगळं ठरवलंय."

"आपल्याला शनिवार आहे. त्यांना शुक्रवार होता."

"त्यांना म्हणजे कुणाला?"

"तेराशे एक्केचाळीसवाल्यांना."

मावशींनी सळई खाली ठेवली. "जेओमेत्रा, ती सगळी माणसं मेली आहेत. मी अजून जिवंत आहे. आणि परीक्षकबाई जेवायला शनिवारी येणार आहेत."

पण पुढच्या दिवशी त्यांनीच तळ्यावर निरोप पाठवला आणि टेंच माशांची बोली करून ठेवली. पेठेत याचा अर्थ एकच लावला गेला, की त्या बीची टोचणी त्यांना पेठेपेक्षा जास्त होती.

डुकराचं दुःख ओसरतं न ओसरतं तोच आरोग्य खात्याचा अर्ज आला. पंगत दोनशे माणसांची, तेव्हा परवाना हवा. खात्याच्या खिडकीतल्या बाई शांत होत्या. जेओमेत्रांनी अर्ज स्वतः, मोजणी खात्याच्या अक्षरात, काठापासून सारखं अंतर सोडून भरला होता. बाईंनी तो वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीवर थांबल्या.

"आंबट द्राक्षांचा रस. त्यापुढे तारीख १३४१ लिहिली आहे."

"मूळ कृतीची तारीख."

"हा रकाना पदार्थ तयार केल्याच्या तारखेचा आहे. या हिशेबाने रस खराब झालाय."

"बाई, तुम्हाला समजतंय मी काय म्हणतोय ते."

"मला समजतंय. अर्जाला समजत नाही. नवा भरा." मग त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "आणि ज्यांच्यामुळे काहींना त्रास होतो असे चौदा पदार्थ आहेत. बदाम, दूध, गहू, मासे वगैरे. कुठल्या ताटात काय आहे, हे जेवणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे. छापील फलक लावा."

आता स्पर्धेचा नियम असा, की मांडवात नजर जाईल तिथवर आजच्या काळातलं काहीही दिसता कामा नये. छापील फलक तर नाहीच नाही, छपाईच शंभर-सव्वाशे वर्षांनी आली. जेओमेत्रांनी सुचवलं, की मठातल्या एका सिस्टरकडून जुन्या वळणाच्या अक्षरात हाताने लिहून घेतो. बाईंनी नमुना मागवला, उलटसुलट करून पाहिला, आणि विचारलं, यात बदाम कुठे आहेत. जेओमेत्रांनी बोट ठेवलं. ते मासे निघाले.

तीन खेपा झाल्या. चौथ्या खेपेला बाई स्वतःच कंटाळून म्हणाल्या, "लिहिलेलंच पाहिजे असं नियमात नाही. कळलं पाहिजे, एवढंच आहे. तोंडी सांगितलं तरी चालेल, पण सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे."

त्या काळी जाहीर गोष्टी कशा कळवत? दवंडी पिटून. दाखला फाइलीतच होता. प्रश्न फक्त आवाजाचा होता, आणि जुन्या वेशीत सगळ्यांत मोठा आवाज, पेठेला कितीही नको असला तरी, कार्मिनेचा होता. त्याला एक पाय लाल आणि एक पिवळा असा घट्ट चोळणा शिवला. ढोलकं दिलं. खिसा शिवायचा नाही असं जेओमेत्रांनी शिंप्याला बजावलं होतं. कार्मिनेने तो आतून शिवून घेतला.

बावीस जूनला संध्याकाळी पंगत बसली. मेजांवर लिननच्या चादरी, मातीच्या थाळ्या, मशाली अजून पेटायच्या होत्या. परीक्षक तास्सिनारी बाई मधल्या मेजावर बसल्या. लहानखुऱ्या, राखाडी केसांच्या, आवाज इतका हळू की समोरच्याला वाकावं लागे आणि वाकलं की आपोआप अपराधी वाटे. जेओमेत्रा त्यांच्या उजवीकडे फाइल घेऊन उभे होते. स्वयंपाकघराच्या पडद्याच्या फटीत सेत्तीमियामावशींचा एक डोळा दिसत होता.

कार्मिने पुढे आला, ढोलकं वाजवलं. "ऐका हो ऐका. पहिल्या ताटात गहू आणि चीज आहे. ज्याचं पोट बिघडतं, त्याने आपलं पोट ओळखून असावं. दुसऱ्या ताटात बदाम आहेत. दिसत नाहीत, पण आहेत."

तास्सिनारी बाई हसल्या. त्यांनी वहीत काहीतरी टिपलं. जेओमेत्रांनी मान न हलवता वाचलं: दवंडी, अर्धा गुण जादा.

मग तपासणी सुरू झाली. बाई एक घास घेत, एक प्रश्न विचारत. या लाझान्यावर मसाला कुठला? पान बारा. गाजरं जांभळी का? पान एकोणीस, नारिंगी गाजर पुढे आलं. भाजलेलं मांस का नाही? जेओमेत्रांनी या प्रश्नाची तीन आठवडे वाट पाहिली होती. ते म्हणाले, "बाई, शुक्रवार आहे."

बाईंनी घास खाली ठेवला. "तुम्ही वार काढलात?"

"काढला."

"सात वर्षं मी येते आहे," त्या म्हणाल्या. "वार कुणीच काढला नव्हता." पडद्यामागचा डोळा ओला झाल्यासारखा वाटला, पण तिथे कांदेही चिरत होते.

टेंच संपले, चवळी संपली, बदामाच्या दुधातला भात संपला. बाईंनी जेओमेत्रांना खाली वाकायची खूण केली. "मघापासून लोक घोडे बघायला उठताहेत. मलाही बघायचेत." त्यांना मागच्या गल्लीत नेलं. त्यांनी एका घोटात घोडे बघितले, ओठ पुसले आणि परत येऊन बसल्या. पेठेत एकमेकांना कोपर मारले गेले. पताका आता फक्त शिडी लावून चढवायची राहिली होती.

थाळीत थोडी चवळी उरली होती. ती टिपून घ्यावी म्हणून बाईंनी पावाचा तुकडा मोडला. तोंडात टाकला. चावला. थांबल्या.

"जेओमेत्रा, पाव अळणी आहे."

जेओमेत्रांना वाटलं, बाहेरगावच्या आहेत, ठाऊक नसेल. ते कौतुकाने म्हणाले, "आमचा असाच असतो बाई. पोपने मिठावर कर बसवला, आम्ही दिला नाही. तेव्हापासून."

"हो, ऐकलंय मी. कुठल्या साली बसवला?"

यावर जेओमेत्रांना उत्तर द्यायची गरजच पडली नाही. आजूबाजूची चार मेजं, त्यात नात्सारेनो, उबाल्दो, पाद्री फुल्जेन्सिओ आणि दुसरीतली तीन पोरं, एका सुरात म्हणाली, "पंधराशे चाळीस."

सूर चांगला लागला होता. तो विरेपर्यंत सगळे हसत होते. मग पहिल्यांदा जेओमेत्रांचं हसू गेलं, कारण ते जमीन मोजणारे होते आणि वजाबाकी त्यांच्या हातात मुरलेली होती. एकशे नव्याण्णव वर्षं. मग एकेका मेजावरचं हसू गेलं. नात्सारेनो सगळ्यांत शेवटी गप्प झाले, कारण त्यांना वजाबाकी आली तरी ती मान्य नव्हती.

"म्हणजे १३४१ मध्ये," बाई हळूच म्हणाल्या, "तुमचे लोक पावात मीठ घालत असतील. न घालायला कारण नव्हतं. तुमच्याकडे याचा काही दाखला?"

"पावाला पान नाही," जेओमेत्रा म्हणाले.

"सूचनासुद्धा नाही? मला बघू द्या." बाईंनी फाइल आपल्याकडे ओढून घेतली, बोट फिरवत नोंद त्रेचाळीसवर आल्या, आणि आपल्या त्या हळू आवाजात वाचलं. इतकं शांत झालं होतं, की सगळ्यांना ऐकू गेलं. सूचना. करणारा. नामंजूर. कारण.

एक पाय लाल, एक पाय पिवळा, कार्मिने ढोलकं धरून उभा होता. त्याने आकाशाकडे पाहिलं.

जुनी वेस अर्ध्या गुणाने हरली. पताका विहिरीच्या पेठेला गेली. त्यांच्या ताटात पावाचा प्रश्नच निघाला नाही, कारण त्यांचा भट्टीवाला उशिरा आला आणि पाव मेजावर पोचलाच नाही. नसलेल्या पावात मीठ आहे की नाही, हे कुणी तपासत नाही.

पुढच्या गुरुवारी सभा. जेओमेत्रा फाइल घेऊन आले. त्यांनी ती मेजावर ठेवली, काठ मेजाच्या काठाशी जुळवला, आणि राजीनामा वाचला. चारच ओळी होत्या. ताटात १३४१ मध्ये नसलेली एक वस्तू निघाली. मी शब्द दिला होता. मी फाइल खाली ठेवतो आहे. आवाज कुठेही हलला नाही. फक्त 'फाइल' म्हणताना त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि मग तो काढायला त्यांना जरा वेळ लागला.

विहिरीच्या पेठेपुढे हरणं निराळं, पण माणूस असा शब्दाला जागायला लागला की पंचाईत होते. उबाल्दो घसा साफ करून म्हणाले, "दुःखाने, पण, म्हणजे, स्वीकारावाच लागेल..."

शेवटच्या रांगेतून एलिदेबाई उठल्या. चार वर्षांत त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या.

"उबाल्दोसाहेब, एक विचारू? हे म्हणतात ताटात चुकीची वस्तू होती. ती कुठली, ते आधी सभेने ठरवायला नको का?"

"पाव, बाई. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला तसं नीट लिहिलेलं दिसलं नाही. जुन्या वेशीचा पाव चुकीचा होता, असा ठराव आधी मांडा. तो मंजूर झाला, की मग यांच्या फाइलीचं बघू."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. नात्सारेनो उभे राहिले. त्यांच्या हाताला अजून पीठ होतं.

"माझा पाव चुकीचा?"

"तसं नाही नात्सारेनो, फक्त सालाच्या दृष्टीने..."

"माझ्या पणज्याने याच पावासाठी मीठ नाकारलं. त्याच्या पणज्याने नाकारलं. आता या सभेने लिहून द्यायचं, की तो चुकला? म्हणजे पोपचं बरोबर होतं?"

पाद्री फुल्जेन्सिओ छताकडे बघायला लागले. त्यांच्याकडून मत अपेक्षित नव्हतं.

"ठराव मतास टाकतो," उबाल्दो म्हणाले, आणि ते बोलताना त्यांचा चेहरा असा झाला, की आपण मतास काय टाकतो आहोत हे त्यांना वाक्याच्या मध्येच कळलं असावं. "जुन्या वेशीचा पाव चुकीचा होता, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा."

एकशे सत्तर माणसं. एकही हात वर झाला नाही. सेत्तीमियामावशींनी तर दोन्ही हात एप्रनखाली घेतले. मग हळूहळू सगळी सभा एकाच दिशेला वळली. भिंतीला टेकून कार्मिने उभा होता. पंधरा वर्षांचा हक्काचा हात. दोन्ही हात त्याने खिशात घातलेले होते. ते त्याने बाहेर काढले नाहीत.

"ठराव नामंजूर," उबाल्दो म्हणाले. "पाव चुकीचा नव्हता. त्यामुळे ताटात चुकीचं काही नव्हतं. त्यामुळे राजीनाम्याला कारण उरत नाही. तो परत घ्यावा."

जेओमेत्रांना हे तर्कशास्त्र पटलं नाही. त्यांनी तसं म्हणायला तोंडही उघडलं. पण तोवर एलिदेबाई पुढे येऊन फाइल त्यांच्या हातात देत होत्या. "चला," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून ग्रंथालय उघडं आहे. मी विचारून ठेवलंय."

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. सूप झालं, पाव आला. कार्मिने खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "सासरेबुवा, गुरुवारी मी हात खिशातच ठेवला."

"बघितलं मी."

"खिशात काय होतं तेही ठाऊक असेल."

समोरच्या खिडकीतून रस्त्यापलीकडची नात्सारेनोंची भट्टी दिसत होती. जेओमेत्रा उठले, खिडकीची झडप लावली, कडी बसली की नाही ते एकदा ओढून पाहिलं, परत येऊन बसले. मग पावाचा तुकडा तळहातावर घेऊन तो मेजाखालून जावयाच्या दिशेने पुढे केला.

"थोडंच," ते म्हणाले.

कार्मिनेने पुडी सोडली. जेओमेत्रांनी घास घेतला आणि बराच वेळ चावला. एलिदेबाई चमचा हातात धरून थांबल्या होत्या.

"कसं लागतंय?"

जेओमेत्रांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. फाइल बाजूच्या कपाटात, खण क्रमांक सातमध्ये होती. ती त्यांनी काढली नाही. नोंद त्रेचाळीस होती तशीच राहिली. त्यांनी फक्त दुसरा तुकडा पुढे केला.